डिजिटल अरेस्टला मराठीत काय म्हणायचं?

प्रश्न असा आलाय की पेपरात सगळीकडे 'डिजिटल अरेस्ट' छापतात (म्हणजे भामटे पोलीस किंवा सीबीआयवाले असल्याचं सांगून माणसाला व्हिडिओ कॉलवर अडकवून घाबरवतात आणि पैसे उकळतात ती फसवणूक), तर मराठीत 'डिजिटल अटक' म्हणावं की 'आभासी अटक', आणि 'नजरकैद' हा आपला शब्द आयता पडलेला असताना तो का नाही वापरत?

माझं मत आधीच सांगून टाकतो, 'डिजिटल अटक' नको. भाषांतर म्हणून त्यात चूक काहीच नाहीये, पण मूळ शब्दच भामट्यांच्या सोयीचा आहे आणि तो जसाच्या तसा मराठीत आणला की ती सोय पण सोबत येते.

कशी ते बघा. 'डिजिटल' हे विशेषण आपण कशाला लावतो? डिजिटल पेमेंट म्हणजे पेमेंटच, पैसे खरंच जातात. डिजिटल सातबारा म्हणजे खराखुरा सातबारा, फक्त तलाठ्याकडे खेपा न घालता काढलेला. म्हणजे कानाला सवय काय झालीय, तर डिजिटल अमुक म्हणजे तेच अमुक, जरा सोपं केलेलं. मग डिजिटल अटक ऐकल्यावर माणूस काय समजणार? आमच्या काकांनी बातमी वाचून मला विचारलं, "म्हणजे आधी डिजिटल करतात आणि मग खरी करतात का?" मी हसलो, पण व्याकरणाच्या हिशोबाने त्यांचं काही चुकलं नव्हतं. खोटी नोट हा नोटेचा प्रकार नाही हे 'खोटी' या शब्दामुळे कळतं, 'डिजिटल'मुळे तसं काही कळत नाही, उलट ती अटकेची नवी सरकारी स्कीम वाटते.

त्यात हेडलाइनची रचना बघा, 'निवृत्त शिक्षकाला डिजिटल अरेस्ट'. हुबेहूब 'सराईत चोराला अटक' सारखी! जो लुटला गेला तोच आरोपीच्या जागी जाऊन बसला आणि ज्यांनी लुटलं ते वाक्यातच नाहीत.

आता 'अटक' शब्दाकडे येऊ. अटकणे आणि अडकणे ही जवळची क्रियापदं, अटकाव पण त्याच घरातला, मूळ अर्थ थांबणे, अडणे. (सिंधूकाठचं अटक आणि १७५८ सालचं अटकेपार जाणं हा वेगळा विषय, त्यात आत्ता शिरत नाही, नाहीतर मूळ प्रश्न बाजूलाच राहील.) कोर्टकचेरीच्या बोलण्यात अरेस्ट वॉरंटला 'पकड वॉरंट' म्हणतात, मला हा शब्द फार आवडतो कारण त्यात हात आहे. बेड्या ठोकल्या, गजाआड केलं, मुसक्या आवळल्या, सगळीकडे शरीर आहे. आणि कायदा पण तेच म्हणतो बरं का. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं, म्हणजे सीआरपीसीचं कलम ४६, जे १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत कलम ४३ झालंय, त्यात अटक करताना पोलिसाने त्या माणसाच्या शरीराला प्रत्यक्ष स्पर्श करायचा किंवा त्याला बंदिस्त करायचं असं आहे, तो शब्दाने किंवा कृतीने स्वतःहून ताब्यात आला तर गोष्ट वेगळी, पण ताब्यात घ्यायला समोर खरा पोलीस तर पाहिजे ना. पुढे २४ तासांत मॅजिस्ट्रेटसमोर उभं करायचं. हे व्हिडिओ कॉलवर कसं होणार? अटक सोडा, चौकशीला हजर राहा अशी याच नव्या संहितेच्या कलम ३५ खालची नोटीससुद्धा पोलिसांनी व्हॉट्सॲपवर पाठवून चालणार नाही असं सुप्रीम कोर्टाने जानेवारी २०२५ मध्ये बजावलंय.

'आभासी अटक' त्या मानाने बरा, निदान खरी नाही एवढं कळतं. पण आभासी बैठक, आभासी सुनावणी यात आता बैठक आणि सुनावणी खरीच असते, त्यामुळे तोही शब्द घसरलाच.

नजरकैदचा मोह मलाही झाला होता. अक्षरशः पाहिलं तर चपखल बसतो, कॅमेऱ्यासमोरून हलायचं नाही, कोणाशी बोलायचं नाही, फोन ठेवायचा नाही, नजरेनेच केलेली कैद! पण नजरकैद करणारी सत्ता खरी असते. १६६६ मध्ये आग्र्याला महाराजांभोवती चौक्या बसल्या ती नजरकैद, बसवणारा बादशहा खरा होता. अगदी अलीकडे, २०२२ मध्ये, एल्गार परिषद प्रकरणातले आरोपी गौतम नवलखांना सुप्रीम कोर्टाने घरात नजरकैदेत ठेवायला सांगितलं तेव्हा दारावर सीसीटीव्ही बसवायची अट होती आणि खर्च त्यांच्याच माथी. किंवा जामिनावर सुटलेल्याने गुगल मॅपवर पिन टाकून आपलं लोकेशन तपास अधिकाऱ्याला सतत दिसू द्यायचं ही अट, ती जुलै २०२४ मध्ये त्याच कोर्टाने प्रायव्हसीच्या मुद्द्यावर रद्द केली. अशा अटींबद्दल भांडायला हा शब्द लागणार आहे, म्हणून तो भामट्यांवर खर्च करू नये असं मला वाटतं.

मग काय म्हणायचं? 'तोतया अटक'. तोतया शब्द आपल्याकडे नुसता खोटेपणा सांगत नाही, दुसऱ्याचा अधिकार अंगावर चढवून आलेला माणूस सांगतो. पानिपतानंतर सदाशिवरावभाऊ म्हणवणारा तोतया उभा राहिला, लोकांनी मानला, कोकणातले किल्ले पण त्याच्या हाती गेले, शेवटी १७७६ मध्ये त्याला देहदंड झाला. म्हणजे लोक भोळे होते असं नाही, नावाचा दरारा तेवढा होता, सीबीआय किंवा ईडी म्हटल्यावर आज होतं तेच. बातमीत तर त्याहून सोपं करता येतं, 'तोतया पोलिसांनी व्हिडिओ कॉलवर डांबून लुटलं'. कर्ता पण परत आला वाक्यात.

आता कोणी म्हणेल की शब्द रुळलाय. मान्य. पंतप्रधानांनी ऑक्टोबर २०२४ च्या मन की बातमध्ये कायद्यात अशी काही व्यवस्थाच नाही हे सांगताना तोच शब्द वापरला, सुप्रीम कोर्टाने २०२५ मध्ये स्वतःहून हाती घेतलेल्या आणि डिसेंबरात सीबीआयकडे तपास दिलेल्या प्रकरणाच्या नावातही तोच आहे. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार करताना खुशाल 'डिजिटल अरेस्ट' म्हणा, तिथे शब्दचर्चा करत बसू नका. घरातल्यांशी बोलताना मात्र तोतया म्हणून बघा. काकांना मी तसंच सांगितलं, पुढे त्यांनी काही विचारलं नाही.