मानेत अल्ट्रासाऊंडने नर्व्ह ब्लॉक देताना कोणता कधी निवडायचा?

तुम्ही भूलशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला आहात आणि दोन गोष्टी विचारल्या आहेत: खांद्याच्या प्रत्येक शस्त्रक्रियेला इंटरस्केलीनच (मानेतल्या दोन स्केलीन स्नायूंमधल्या खाचेत, हाताच्या नर्व्हभोवती औषध सोडून दिलेला ब्लॉक) द्यायचा का, आणि पडद्यावर 'ट्रॅफिक लाइट' (एकाखाली एक तीन काळे गोल) दिसले म्हणजे जागा सापडली असं धरायचं का. खांद्याचे ब्लॉक हे माझं नेहमीचं काम आहे. माझ्या मते दोन्हींचं उत्तर 'नाही'.

आधी निवडीबद्दल. बहुतेक जण शस्त्रक्रिया कुठे आहे यावरून ब्लॉक ठरवतात. मी त्याच्याही आधी विचारतो, की या पेशंटचा एका बाजूचा डायफ्राम (श्वासाचा मुख्य स्नायू) काही तास बंद पडला तर त्याला चालेल का? डायफ्राम हलवणारी फ्रेनिक नर्व्ह मानेतल्या सी३ ते सी५ या नर्व्हच्या मुळांमधून निघते आणि अँटीरियर स्केलीन स्नायूच्या पुढच्या पृष्ठभागावरून खाली उतरते. क्रिकॉइडच्या (स्वरयंत्राच्या खालच्या कूर्चेच्या) पातळीवर ती ब्रेकियल प्लेक्सस (हाताला जाणाऱ्या नर्व्हचं जाळं) पासून जेमतेम २ मिलिमीटरवर असते. तिथे २० मिली औषध सोडलं तर ते तिच्यापर्यंत पोचणारच. पारंपरिक इंटरस्केलीननंतर जवळजवळ प्रत्येकाचा त्या बाजूचा डायफ्राम ढिला पडतो आणि फोर्स्ड व्हायटल कपॅसिटी (खोल श्वास घेऊन जोरात बाहेर टाकता येणारी हवा) साधारण पाव भागाने घटते. धडधाकट माणसाला पत्ताही लागत नाही. सीओपीडी (फुफ्फुसाचा जुनाट आजार), अतिस्थूलपणा, किंवा दुसऱ्या बाजूची फ्रेनिक आधीच निकामी असेल तर मात्र टेबलावरच दम लागतो.

औषध कमी करून पाहू, हा पहिला विचार सगळ्यांच्याच मनात येतो. २००८ मधल्या एका अभ्यासात २० मिलीऐवजी ५ मिली दिल्यावर डायफ्राम ढिला पडण्याचं प्रमाण १०० टक्क्यांवरून ४५ टक्क्यांवर आलं. म्हणजे फरक पडला, पण ज्याचं फुफ्फुस खरंच खराब आहे त्याच्यासाठी हा जुगारच.

म्हणून हल्ली मी बहुतेक खांद्यांना सुपीरियर ट्रंक ब्लॉक देतो. इंटरस्केलीनच्या जागेवरून अल्ट्रासाऊंडचा प्रोब थोडा खाली सरकवला की सी५ आणि सी६ एकत्र येऊन सुपीरियर ट्रंक होताना दिसतात. सुप्रास्कॅप्युलर नर्व्ह तिथून बाहेर पडायच्या आत, ट्रंकच्या भोवती औषध सोडायचं. दर सेंटिमीटर खाली आलो की फ्रेनिक प्लेक्ससपासून साधारण ३ मिलिमीटर लांब जाते, सगळा फायदा तो. वेदनाशमन इंटरस्केलीनच्या तोडीचं मिळतं. धोका शून्यावर येत नाही, हे मात्र लक्षात ठेवा. श्वासाचं अजिबात परवडणारच नसेल तर मान सोडून द्या आणि सुप्रास्कॅप्युलर व ॲक्सिलरी नर्व्ह वेगवेगळ्या ब्लॉक करा. वेदनाशमन थोडं उणं पडेल, ते गोळ्या-इंजेक्शनांनी भरून काढता येतं.

कोपर, मनगट, हात असेल तर इंटरस्केलीन उपयोगाचा नाही, सी८ आणि टी१ सुटतात. तिथे सुप्राक्लॅव्हिक्युलर (कॉलरबोनच्या वर दिलेला ब्लॉक) द्यावा, पण प्ल्युरा (फुफ्फुसाचं आवरण) शेजारीच आहे हे विसरू नये. कॉलरबोनवरच्या त्वचेची संवेदना सर्व्हायकल प्लेक्सस (मानेच्या वरच्या नर्व्हचं वेगळं जाळं) कडून येते, म्हणून नुसत्या ब्रेकियल प्लेक्ससवर तिथला छेद झाकला जात नाही. कॅरोटिडच्या (मानेतल्या मुख्य धमनीच्या) शस्त्रक्रियेला वरवरचा किंवा इंटरमीजिएट सर्व्हायकल प्लेक्सस ब्लॉक पुरतो. डीप ब्लॉकमध्ये फ्रेनिक, व्हर्टिब्रल आर्टरी (मणक्यांमधून मेंदूला जाणारी धमनी) आणि ड्युरा (मज्जारज्जूचं आवरण) तिन्ही सुईच्या टप्प्यात येतात, त्यामुळे मी तो टाळतो.

आता ट्रॅफिक लाइट. तीन काळे गोल एकाखाली एक दिसले की विद्यार्थी त्यांना वरून सी५, सी६, सी७ म्हणून मोकळे होतात. बऱ्याचदा वरचा सी५ असतो आणि खालचे दोन्ही एकट्या सी६चे भाग असतात. म्हणजे त्या दोघांमधली जी फट तुम्हाला मोकळी जागा वाटते, ती एकाच नर्व्हच्या आतली असते. तिथे सुई घालू नका. खात्री करायला प्रोब खालून वर न्या: क्लॅव्हिकलवर सबक्लेव्हियन आर्टरी आणि तिच्या बाहेरच्या बाजूचा प्लेक्सस पकडा, आणि एकेक मूळ मणक्यापर्यंत मागे न्या. सी६च्या ट्रान्सव्हर्स प्रोसेसला पुढचा आणि मागचा असे दोन उंचवटे असतात, सी७ला पुढचा नसतो. एवढ्या खुणेवर पातळी ठरते. सी५ कधीकधी अँटीरियर स्केलीनच्या पुढून किंवा थेट त्यातूनच जातो, तेव्हा नुसती दोन स्नायूंमधली खाच शोधत बसलात तर तो सापडणार नाही. आणि कलर डॉपलर (पडद्यावर रक्तप्रवाह रंगात दाखवणारी सोय) लावल्याशिवाय सुई उचलायची नाही. ट्रान्सव्हर्स सर्व्हायकल आणि डॉर्सल स्कॅप्युलर आर्टरी प्लेक्ससला आडव्या जातात आणि काळ्या गोलासारख्याच दिसतात.

सुई मी बाहेरून आत, इन-प्लेन (पूर्ण सुई पडद्यावर दिसेल अशी) नेतो. या वाटेवर मिडल स्केलीनमध्ये डॉर्सल स्कॅप्युलर आणि लाँग थोरॅसिक नर्व्ह असतात, त्या नीट दिसत नाहीत. म्हणून कमी करंटवर स्टिम्युलेटर (नर्व्हला विजेने चेतवणारं यंत्र) चालू ठेवणं मला पटतं. खांद्याचं पातं हललं की वाट बदलायची. टोक दिसत नसेल तर सुई थांबवायची. मुळांना न टोचता त्यांच्या शेजारी औषध पसरलं तरी ब्लॉक लागतो. दाबून सोडावं लागलं किंवा पेशंट कळवळला तर लगेच थांबा. म्हणूनच पेशंट जागा हवा, हलकं सिडेशन ठीक आहे. पूर्ण भुलीखाली दिलेल्या इंटरस्केलीननंतर कायमची मज्जारज्जूची इजा झालेले चार पेशंट २००० साली बेन्युमॉफ यांनी नोंदवले आहेत.

औषधाचं गणित आधी कागदावर करा. रोपिव्हॅकेन (बधिर करणारं औषध) किलोला ३ मिलिग्रॅम धरलं तर ५० किलोच्या माणसाला १५० मिलिग्रॅम, म्हणजे ०.५ टक्क्याचं ३० मिली. ही कमाल मर्यादा झाली. मला १० मिली पुरतं. पण मानेत हा हिशोब अर्धाच कामाचा, कारण व्हर्टिब्रल आर्टरीत एखादा मिली गेला तरी तो सरळ मेंदूत पोचतो आणि फिट येते. दर काही मिलीला ॲस्पिरेट करा, म्हणजे रक्त येतं का ते ओढून पाहा. औषध रक्तात जाऊन विषबाधा झालीच तर उतारा म्हणून २० टक्के लिपिड इमल्शन हाताशी ठेवा, पहिला डोस किलोला १.५ मिली.

पापणी खाली येणं आणि आवाज बसणं हे ब्लॉकचे तात्पुरते परिणाम पेशंटला आधीच सांगून ठेवा, नाहीतर नातेवाईक अर्धांगवायू झाला म्हणून धावत येतात. ब्लॉकनंतर प्रोब बरगड्यांखाली ठेवून पेशंटला जोरात हुंगायला सांगा. त्या बाजूचा डायफ्राम उलटा सरकत असेल तर तशी नोंद करा आणि ऑक्सिजनवर लक्ष ठेवा. आणि गोळ्या ब्लॉक उतरायच्या आधी सुरू करायला लिहून द्या. खांद्याचा ब्लॉक बहुधा रात्री उतरतो, आणि दुखणं एकदम येतं.