गावात इतिहास मंडळ काढायचं आहे, पण आमच्यापैकी कुणीच इतिहासाचं शिकलेलं नाही. जमेल का?

तुम्ही लिहिलंय की गावातले वाडे पडतायत, रस्त्याच्या कामात वीरगळ (लढाईत पडलेल्या वीरांच्या आठवणीसाठी कोरलेले दगड) गाडले जातायत, तुम्ही पाच जण एकत्र आलात आणि आता पुढे काय हे कळत नाही. मी सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी अशाच मंडळाचा 12 वर्षं चिटणीस होतो. नोकरी बँकेत, पदवी वाणिज्य शाखेची. त्यामुळे पदवीची काळजी सोडा. जमेल. फक्त या कामातला मोठा भाग संशोधनाचा नसतो, लोकांचा विश्वास सांभाळण्याचा असतो, हे आधीच सांगून ठेवतो.

आमच्या गावात एका वाड्यात जुन्या कागदांची पेटी आहे, हे सगळ्यांना ठाऊक होतं. तिथल्या आजी मात्र दारातूनच सांगायच्या, "आमच्याकडे काही कागद-बिगद नाहीत बाबा." तिसऱ्या खेपेला त्यांनी आत बोलावलं, चहा दिला आणि खरं काय ते सांगितलं. त्यांच्या सासऱ्यांच्या हयातीत कुणी एक अभ्यासक आले, दोन रुमाल घेऊन गेले, वाचून आणून देतो म्हणाले. ते कागद आजतागायत परत आले नाहीत. (रुमाल म्हणजे कापडात बांधलेला कागदांचा गठ्ठा, दप्तरखान्यातला जुना शब्द.) सासरे जाईपर्यंत त्या रुमालांची आठवण काढत होते.

मी म्हटलं, "आजी, एकही कागद उंबऱ्याबाहेर नेत नाही. ओसरीवर बसतो, फोटो काढतो, तुम्ही समोर बसा." चार रविवार आम्ही दोघं तिथे जाऊन बसलो. पहिल्या दिवशी पेटीतून 37 कागद काढले, संध्याकाळी 37 मोजून आत ठेवले आणि त्यांच्या नातवाकडून वहीत तसं लिहून सही घेतली. पाचव्या रविवारी आजींनी न मागता माळ्यावरची दुसरी पेटी खाली काढून ठेवली होती.

म्हणून नाव ठरवण्याआधी, शिक्का बनवण्याआधी एक जाडजूड नोंदवही घ्या. कुणी काय दिलं, किती नग, कायमचं दिलं की पाहायला दिलं, परत कधी द्यायचं, परत दिल्याची सही. पावती दोन प्रतींत. आमच्या मंडळाला पुढे जे काही मिळालं, ते या वहीमुळे मिळालं असं मी मनापासून मानतो.

कागद हाती आल्यावर लॅमिनेशन करू नका, चिकटपट्टी लावू नका. क्रमांक घालायचा तर मागच्या कोपऱ्यात शिसपेन्सिलीने. बांधायला सुती कापड घ्या, पण धुवून खळ काढलेलं, कारण खळीला कसर लागते. आत वेखंडाचे तुकडे ठेवा.

मोडी, म्हणजे जुन्या मराठी कागदांची लिपी, तुमच्यापैकी निदान दोघांनी शिकाच. सरकारचा पुराभिलेख विभाग (जुनी कागदपत्रं जपणारं खातं) मोडीचे वर्ग घेतो. सुरुवातीला घाबरायला होतं, कारण लिहिणाऱ्याने आधी आडवी रेघ ओढून घेतलेली असते आणि त्याखाली अक्षरं सलग लिहीत नेलेली असतात, शब्द कुठे संपला ते दिसतच नाही. ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही. सहा महिने रोज एक पान वाचलंत की डोळा बसतो. खरी परीक्षा तारखांची. वर्ष अरबी शब्दांत लिहिलेलं असतं, एकक आधी, मग दशक, शतक, हजार. आमच्या त्या पेटीतल्या एका पत्रावरचं वर्ष आम्ही 'सलास सितैन मया व अलफ' वाचलं, म्हणजे 3, 60, 100 आणि 1000, शुहूर सन (मराठी कागदांतली जुनी कालगणना) 1163. त्यात 599 मिळवले की इसवी सन 1762, आणि ते वर्ष मृगाच्या सुमाराला सुरू होतं. पण पत्रात श्रीमंतांच्या, म्हणजे पेशव्यांच्या, आजारपणाबद्दल चिंता होती आणि थेऊरचा उल्लेख होता. 1762 साली हे कसं बसेल? महिनाभर अडून राहिलो. मग एका संध्याकाळी आमच्यातल्या निवृत्त तलाठ्यांनी भिंग लावून पाहिलं. शब्द 'सितैन' नव्हताच, 'सबैन' होता. साठ नाही, सत्तर. 1772 साल. त्याच वर्षी 18 नोव्हेंबरला थोरले माधवराव पेशवे थेऊरला वारले. त्या रात्री मला झोप लागली नाही, इतका आनंद झाला होता. दोघांनी शिका म्हणतो ते यासाठीच. एकट्याच्या वाचनावर कधीही भरवसा ठेवू नका.

वीरगळांचं तातडीने करा. रस्त्याच्या कामाआधी सरपंच आणि ठेकेदार दोघांना समोरासमोर भेटा, अर्ज नंतर द्या. प्रत्येक दगडाचा फोटो सकाळी कोवळ्या तिरप्या उन्हात काढा. दुपारी कोरीव काम सपाट दिसतं. खालच्या टप्प्यात लढाई किंवा गाईंचं खिल्लार, वर वीराला नेणाऱ्या अप्सरा, त्यावर शिवलिंगाची पूजा आणि माथ्यावर चंद्रसूर्य, हे गावातल्या पोरांना एकदा बोटाने दाखवलंत की तीच पोरं राखण करतात. शेंदूर किंवा ऑइलपेंट लागलेला असेल तर खरवडू नका. लोकांचा तो देव आहे, आणि खरवडण्याने दगडही जातो. शेतात नाण्यांचं गाडगं सापडलं तर ते मंडळात ठेवून घेऊ नका. 1878 च्या कायद्याप्रमाणे दहा रुपयांहून जास्त किमतीचा जमिनीतला ठेवा जिल्हाधिकाऱ्यांना कळवावा लागतो.

नोंदणीला किमान 7 जण लागतात, 1860 चा संस्था नोंदणी कायदा आणि 1950 चा सार्वजनिक विश्वस्त कायदा. घाई नाही, वर्षभर काम करून मग करा. मात्र नंतर कार्यकारिणी बदलली की 90 दिवसांत चेंज रिपोर्ट, म्हणजे बदल कळवणारा अर्ज, धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात द्या. तो राहिला की पुढची सगळी कामं अडतात, आमची दोन वर्षं अडली होती.

भांडणं होतील. आमच्या घराण्याचं नाव आधी का नाही, आमच्या पूर्वजांवरचा निवाडा छापलाच का, असं म्हणत लोक येतील, त्यात तुमचे नातेवाईकही असतील. कागदात आहे तेच छापायचं, कुणाच्याही शब्दाखातर एक ओळ गाळायची नाही, हा ठराव पहिल्याच सभेत करून इतिवृत्तात लिहून ठेवा. आम्ही तो उशिरा केला आणि एक चांगला सहकारी दुरावला.

याहून मोठा धोका मात्र एकट्या माणसाचा. उत्साही माणूस सगळं आपल्या घरी ठेवतो, तो गेला की मुलं खोली रिकामी करतात आणि कागद रद्दीत जातात. इतिहास संशोधक वि. का. राजवाड्यांचंच पाहा. 7 जुलै 1910 ला त्यांनी खंडेराव मेहेंदळ्यांबरोबर पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ काढलं, पुढे मतभेद होऊन ते तिथून बाहेर पडले. तरीही मंडळ टिकलं, कारण द. वा. पोतदार, ग. ह. खरे यांच्यासारखी माणसं दशकानुदशकं तिथे राबली. 31 डिसेंबर 1926 ला राजवाडे धुळ्याला वारले. मागे बायको-मुलं कुणी नव्हती. पण धुळ्याच्या मंडळींनी 1927 मध्येच त्यांच्या नावाने संशोधन मंडळ उभं केलं, आणि त्यांनी जमवलेले कागद गावात राहिले. त्या वेळी "बघू पुढे" म्हटलं असतं तर काय झालं असतं, या विचाराने अजूनही काळजात चर्र होतं.

आमच्या कपाटाच्या आता तीन किल्ल्या आहेत, तिघांच्या घरी. माझी गेल्या वर्षी नव्या चिटणीसबाईंना दिली. त्या प्राथमिक शाळेत शिकवतात आणि मोडी माझ्यापेक्षा भराभर वाचतात. तुमच्या गावातली पहिली पेटी उघडलीत आणि एखादा कागद अडला, तर मालकाला विचारून फोटो पाठवा. आम्ही दोघं बसून वाचू.