नॉमिनी बदलायचाय, पण आईला वाईट वाटेल

प्रश्न: ताई नमस्कार, लग्नाआधी लाइफ इन्शुरन्स काढला तेव्हा नॉमिनी म्हणून आईचं नाव दिलं होतं. आता लग्न झालंय, मुलं 6 आणि 9 वर्षांची आहेत. थेट मुलांची नावं टाकावीत असं मनात आहे पण आईचं काढलं तर तिला वाईट वाटेल. नॉमिनी तसाच ठेवून मृत्युपत्रात सगळं नीट लिहिलं तर चालेल का?

उत्तर: मृत्युपत्राच्या भरवशावर अजिबात राहू नका. क्लेम आला की कंपनी तिच्या रेकॉर्डला कोणाचं नाव आहे तेवढंच बघते. अमेरिकेतली एक केस सांगते, तिथल्या एका सरकारी कर्मचाऱ्याने 1996 मध्ये आपल्या लाइफ इन्शुरन्सला बायकोचं नाव दिलं, 1998 ला घटस्फोट, 2002 ला दुसरं लग्न, 2008 ला तो वारला आणि फॉर्मवर नाव तेच जुनं. दुसरी बायको सुप्रीम कोर्टापर्यंत लढली तरी 2013 च्या निकालात सुमारे 1,24,000 डॉलर पहिल्या बायकोलाच मिळाले. एक फॉर्म भरायचा राहिला म्हणून. फार वाईट वाटतं वाचून.

आता मुलांचं. सज्ञान नसलेल्या मुलाच्या हातात कंपनी पैसे देत नाही, त्याच्या वतीने घेणारा कोणीतरी मोठा माणूस म्हणजे अपॉइंटी नेमावा लागतो, तो नेमला नसेल तर कोर्टाच्या फेऱ्या आणि तोवर मुलांची फी, घरखर्च सगळं अडून बसतं. तुमच्यामागे मुलांना बायकोच सांभाळणार असेल तर मुलांऐवजी तिचंच नाव टाका, मला तरी हेच बरं वाटतं.

आणि आईला काढायचं कशाला? तुमची कमाई उद्या थांबली तर कोणाचं अडेल हे बघा, आईचा खर्च तुम्हीच बघत असाल तर तिचाही हिस्सा ठेवा. फक्त हिस्से टक्क्यांत लिहा, रक्कम लिहू नका कारण पॉलिसीवर मिळणाऱ्या बोनसमुळे ती बदलत जाते, आणि बेरीज 100 येतेय ना ते तपासा. नॉमिनीच आधी गेला तर पुढे कोण, तेही फॉर्मवर देता येत असेल तर द्या.

आईशी मात्र आधी स्वतः बोला, नंतर तिला कागदावरून कळायला नको. आणि बदल नोंदवल्याचं कंपनीचं पत्र हातात येईपर्यंत पाठपुरावा सोडू नका, ते पॉलिसीसोबत ठेवा आणि कुठे ठेवलंय ते बायकोला दाखवून ठेवा.