चौऱ्याहत्तराव्या स्ट्रीटला एकटी जाऊ का?

प्रश्न : मी ६६ वर्षांची. सहा महिन्यांसाठी न्यूयॉर्कला मुलाकडे आले आहे. घर लाँग आयलंड सिटीत, कोर्ट स्क्वेअर स्टेशनजवळ. मुलगा-सून सकाळीच कामाला जातात, मग मी आणि खिडकी. जॅक्सन हाइट्सला आपल्याकडचं सगळं मिळतं म्हणे. सबवेनं एकटी जाऊ का? मुलगा नको म्हणतो. इंग्रजी बेताचंच आहे. — एक वाचक, मूळच्या सांगलीच्या

उत्तर : काकू, जा. निघताना मुलाला फोन करा, पण विचारायला नव्हे, कळवायला.

तुमच्याकडून तिथं ‘ई’ गाडी जमिनीखालून जाते. मध्ये क्वीन्स प्लाझा, की पुढचं रूझवेल्ट अव्हेन्यू. झटपट आहे, तरी पहिल्या खेपेला ७ नंबरचीच घ्या. ती लोखंडी पुलावरून जाते, बाहेरचं दिसतं, जीव घाबरत नाही. फ्लशिंगकडची गाडी, आठवं स्टेशन. तिथं पाटी ७४ स्ट्रीटची असेल, गोंधळू नका. वरचा पूल १९१७चा, खालचा बोगदा १९३३चा, म्हणून एकाच स्टेशनाला दोन नावं. भाडं ३ डॉलर, फाटकाशी कार्ड टेकवायचं.

आता नीट वाचा. गाडीवरचा ७ हिरव्या गोलात असेल तर ती लोकल. लाल शंकरपाळ्यात असेल तर एक्सप्रेस, आणि ती ७४ला थांबत नाही! पहिल्या वर्षी मी संध्याकाळी बसायला जागा मिळाली म्हणून खुशीत होते. बघते तर ७४चा फलाट खिडकीतून मागं पळाला. उतरले थेट जंक्शन बुलेवार्डला, आणि रिकामी पिशवी घेऊन उलटी आले. फ्लशिंगकडे एक्सप्रेस फक्त दुपारनंतरच्या गर्दीत असते. तुम्ही अकराला निघा, शंकरपाळं भेटणारच नाही.

खाली उतरलात की डोक्यावर पूल. गाडी गेली की बोलणं बंद. पुलाखालचा भाजीवाला तेवढ्यात भाव बोटांनी दाखवतो. मी एकदा दोन बोटं बघून दोन जुड्या समजले आणि दोन डॉलरला एकच मेथी घेऊन आले.

७४ स्ट्रीटवर पटेल ब्रदर्समध्ये डाळी, पिठं, कढीपत्ता मिळेल. मराठी पाट्या मात्र शोधू नका. १९७६ साली इथं ‘सॅम अँड राज’ हे विजेच्या वस्तूंचं दुकान निघालं. भारतात चालतील अशी २२० व्होल्टची यंत्रं न्यायला लोक लांबून यायचे, आणि त्यांच्यामागं साड्या, सोनं, मिठाई आली. आता शेजारच्या ७३व्या स्ट्रीटवर बांगलादेशी दुकानं जास्त. तिबेटी, नेपाळी मोमोवालेही भरपूर. मला हे आवडतं. नुसतं आपलंच असतं तर दोन खेपांत कंटाळले असते. दमलात तर डायव्हर्सिटी प्लाझात बसा, तिथं मोटारी येत नाहीत. शेजारी कुणी आजोबा बंगाली पेपर वाचत असतील. हिंदीत बोला, चालतं.

पिशवी जड झाली तर जिना चढू नका, लिफ्ट आहे. परतीला मॅनहॅटनकडची ७. आणि मेथी घेताना गाडी पूर्ण जाऊ द्या, मगच भाव विचारा.