नर्सिंगच्या मुलींना सांस्कृतिक जाण शिकवायला एआय वापरता येईल का?

येईल, मी वापरते. पण तुम्ही विचारलंय तसं ‘वेगवेगळ्या समाजांच्या रुग्णांची माहिती’ काढायला नाही. त्या कामात तो सर्वांत घातक.

चॅटबॉटला ‘अमुक धर्माचा रुग्ण हो’ असं सांगून बघा. दुसऱ्याच वाक्यात आहार, प्रार्थना, घरातल्या वडीलधाऱ्यांची परवानगी, सगळं ओळीने हजर! माणूस बाजूला राहतो, उरतो तक्ता. दोष एकट्या यंत्राचा नाही. कुठल्या समाजाचे लोक वेदना कशा दाखवतात याची अशीच साचेबंद यादी एका नर्सिंगच्या पाठ्यपुस्तकात होती. 2017 साली टीका झाल्यावर प्रकाशकाने माफी मागून ती काढली.

म्हणून मुलींना बोलायचा सराव व्हावा यासाठी बॉटला रुग्णाची भूमिका लिहून देताना मी धर्म-देश लिहीतच नाही. लिहिते ते असं: वय 58, मधुमेह, गोळ्या मधूनमधून सोडतो, कारण विचारलं की उडवाउडवी करतो. रोज औषध घेतलं की शरीर त्याचं गुलाम होतं, अशी त्याची समजूत आहे. (खऱ्या रुग्णाची केस कधीच टाकत नाही.) आणि एक सक्त सूचना: तुझं मत कोणी विचारल्याशिवाय हे सांगायचं नाही. कारण बॉट फार उतावीळ. न विचारताच सगळं ओकून मोकळा होतो. सूचना देऊनही चार-पाच उत्तरांत फुटतो, मग पुन्हा दटावावं लागतं.

‘हे कशामुळे झालं असं तुम्हाला वाटतं?’, ‘या आजाराबद्दल सर्वांत जास्त भीती कशाची वाटते?’ रुग्णाची स्वतःची समजूत जाणून घ्यायला अमेरिकी मनोविकारतज्ज्ञ आर्थर क्लाइनमन आणि सहकाऱ्यांनी 1978 मध्ये मांडलेले हे प्रश्न मुलींना पाठ असतात, पण रुग्णासमोर तोंडातून फुटत नाहीत. बॉटपुढे लाज नसते, दहा वेळा चुकता येतं. माझ्या मते खरा फायदा एवढाच.

नंतर तो संवाद छापून वर्गात वाचतो आणि साचेबंद वाक्यांवर लाल खुणा करतो. पहिल्या वेळी सगळ्या खुणा बॉटच्याच ओळींवर पडतात. विद्यार्थिनींच्या स्वतःच्या प्रश्नांवर त्या पडू लागायला दोन-तीन तासिका जाव्या लागतात.

गुण मात्र बॉटला देऊ देत नाही. न्यूझीलंडच्या माओरी परिचारिका इरिहापेती रॅम्सडेन यांनी ‘सांस्कृतिक सुरक्षितता’ मांडली, 1992 मध्ये ती तिथल्या नर्सिंग अभ्यासक्रमात आली. शुश्रूषा सुरक्षित होती की नाही हे ती घेणाऱ्याने ठरवायचं, हा तिचा गाभा. बॉटची शुश्रूषा कोणी केलेलीच नसते.