१७६० च्या सुमारास लग्न झालेल्या इंग्लिश जोडप्याचे पूर्वज कसे शोधायचे?

इंग्लंडमध्ये जन्ममृत्यूची सरकारी नोंदणी १ जुलै १८३७ ला सुरू झाली. त्याआधीचं बहुतेक सगळं चर्चच्या वह्यांत शोधावं लागतं. लग्नाची नोंद मिळाली असेल तर नुसत्या सूचीवर विसंबू नका, मूळ पानाचा फोटो बघा. १७५४ पासून वधूवर आणि दोन साक्षीदार सही करत; लिहिता न येणारा फुली मारी. साक्षीदार कधीकधी भाऊबहीण निघतात आणि माहेरचा धागा हाती लागतो.

मग बाप्तिस्म्याच्या नोंदी. इथे एक गोष्ट हमखास चकवते: १७५२ आधी तिकडे वर्ष २५ मार्चला सुरू व्हायचं. वहीत १० फेब्रुवारी १७३५ असेल तर आपल्या हिशोबाने ते १७३६! आणि बाप्तिस्मा सापडला म्हणून मूल जगलंच असं धरू नका, दफनाच्या नोंदीही तपासा. गेलेल्या मुलाचं नाव पुढच्याला ठेवलेलं बऱ्याचदा दिसतं.

वही हरवली असेल तर बिशपकडे पाठवलेली नक्कल शोधा. घरची परिस्थिती बरी असेल तर मृत्युपत्रही बघा. तेव्हा मृत्युपत्रं चर्चच्या न्यायालयांत मंजूर होत; त्यातल्या कँटरबरीच्या न्यायालयातली मृत्युपत्रं लंडनला क्यूच्या नॅशनल आर्काइव्ह्जमध्ये आहेत. त्यात जावई, नातवंडं नावानिशी भेटतात.