गरुडाचा व्हिडिओ आणि बाल्कनीतला बुलबुल

खुर्चीत नीट बसायच्या आधीच त्यांनी मोबाईल माझ्यापुढे धरला. व्हिडिओत गरुडाची मादी पिल्लाला पंजात धरून उंच नेते, तिथून सोडून देते, पिल्लू गटांगळ्या खातं आणि जमिनीवर आपटायच्या आत उडायला लागतं. मागे ढोलताशा आणि भरदार आवाजातलं निवेदन.

"बघा मॅडम, पक्ष्यांना कळतं ते आपल्याला कळत नाही. मुलाला आता ढकलायलाच हवं ना?"

शेजारी बसलेल्या त्यांच्या पत्नीने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं आणि मान खाली घातली.

मी समुपदेशक, त्यामुळे हा प्रश्न माझ्याकडे महिन्यातून दोनचार वेळा तरी येतो. मूल अडकलंय; त्याला ढकलायचं की सांभाळायचं? म्हणून या घराची गोष्ट त्यांची परवानगी घेऊन सांगते आहे. ओळख पटेल असे तपशील बदललेत. बाबा बँकेतून निवृत्त, आई घरीच. मुलगा 20 वर्षांचा, इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षातले विषय राहिले आणि 'वायडी' (इयर डाउन) बसला. तिसऱ्या वर्षाला प्रवेश नाही, मित्र सगळे पुढे गेले, हा सात महिने खोलीत. आई ताट झाकून दाराबाहेर स्टुलावर ठेवायची. बाबा त्याच दारावर थाप मारून भाषण द्यायचे आणि मग वरचा व्हिडिओ पाठवायचे. मुलाने तो एकदाही उघडला नव्हता.

मुलाला आधी एकट्याला भेटले. पहाटे चारला झोपत होता, पण झोपत होता. जेवत होता, क्रिकेट बघत होता. मरणाचे विचार येतात का, हे मी स्पष्ट शब्दांत विचारते, त्यालाही विचारलं. नाही म्हणाला. तरी एकदा मनोविकारतज्ज्ञांना दाखवून घेतलं. औषधाची गरज निघाली नाही. हे मुद्दाम लिहिते आहे. मुलाची झोप-भूक तुटली असेल, 'मी नसलेलाच बरा' असं तो काही बोलत असेल, तर पुढचं सगळं बाजूला ठेवा आणि आधी डॉक्टर गाठा. टेलिमानस या मानसिक आरोग्य मदतसेवेचा 14416 हा सरकारी क्रमांक चोवीस तास चालू असतो.

आता गरुडाचं. प्राण्यांकडून शिकण्यासारखं पुष्कळ आहे, पण फॉरवर्डमधल्या प्राण्यांकडून नाही. गरुड चाळिसाव्या वर्षी डोंगरावर जाऊन आपली चोच आपटून तोडतो आणि नवी उगवली की पुढची तीस वर्षं जगतो, हीसुद्धा त्याच कुळातली गोष्ट. चोच मोडलेला गरुड फाडून खाणार कशाने? तो उपाशी मरेल. आणि पिल्लाला आभाळातून कुठलाच गरुड टाकत नाही. पिल्लू घरट्याच्या काठावर उभं राहून पंख फडफडवतं, या फांदीवरून त्या फांदीवर उड्या मारतं, असं चांगलं काही आठवडे चालतं. पहिल्यांदा उडाल्यावरही आईबाप त्याला कित्येक आठवडे भरवतात.

बाबांना हे पटलं नाही. "मग एवढा व्हिडिओ काय खोटा?" मी वाद घातला नाही. बोलता बोलता आईंनी सांगितलं, की बाल्कनीतल्या जाईच्या वेलात बुलबुलाने घरटं केलंय, त्यामुळे सध्या कपडे वाळत घालायचीही चोरी झालीय. मी ते धरलं. बाबांना म्हटलं, रोज सकाळी चहा घेऊन अर्धा तास खिडकीआड बसायचं. बघायचं आणि लिहायचं. मत लिहायचं नाही, दिसेल तेच लिहायचं.

बँकेतला माणूस. जुन्या डायरीत तारीखवार, वेळेसकट नोंदी घेऊन आले. दोघंही खाऊ आणतात, फक्त मादी नाही, हे त्यांना पहिल्यांदा कळलं. त्याखाली त्यांनी लाल रेघ मारली होती. अळ्या, किडे, पुढे कुठलीशी पिकली फळं. मग एका सकाळी गोंधळ: पिल्लू खाली पडलं! आखूड शेपटीचं, धड उडता न येणारं ते बावळट पिल्लू कुंडीच्या काठावर बसून कोकलतंय. आई त्याला उचलून परत घरट्यात ठेवायला धावल्या. बुलबुलाची पिल्लं जेमतेम बारा-तेरा दिवसांची झाली की अशीच बाहेर येतात, उडता येण्याच्या आधीच. आपल्याला वाटतं पडलं.

त्या दिवसाची नोंद मला बाबांनी वाचून दाखवली, कारण त्यांचं अक्षर मला लागत नव्हतं. "7.10. मोठा पक्षी चोचीत लाल फळ घेऊन कपड्याच्या दोरीवर बसला. पिल्लू कुंडीवर. ओरडते आहे. मोठा जात नाही. 7.14. पिल्लू उडी मारून ग्रिलवर. मोठा अर्ध्यात आला. 7.16. भरवले." मग डायरी मिटून म्हणाले, "चार मिनिटं तो पक्षी तसाच बसला होता हो, चोचीत फळ घेऊन. मला राहवत नव्हतं."

"तो ढकलत होता का?"

"नाही."

"सोडून गेला का?"

त्यांनी उत्तर दिलं नाही. आई पहिल्यांदाच मोठ्याने बोलल्या, "घास होताच ना त्याच्याकडे. फक्त ताट स्टुलावर नव्हतं."

हे वाक्य मला सुचलं नसतं.

तरी आईंची अडचण वेगळी होती. "त्याने नुसतं 'आई' म्हटलं की माझे पाय चालायला लागतात, मॅडम." त्यांना मी मीरकॅटची गोष्ट सांगितली. आफ्रिकेतल्या कालाहारीत राहणारा, मुंगसाच्या नात्यातला हा छोटा प्राणी विंचू खातो. पिल्लांना विंचू खायला शिकवायचा कसा? अगदी लहान पिल्लाला मोठे मेलेला विंचू आणून देतात. जरा मोठं झालं की जिवंत, पण नांगी काढलेला. आणखी मोठं झालं की नांगीसकट. पिल्लू झटापट करत असताना मोठा तिथेच बसून बघतो. विंचू निसटला तर पकडून पुन्हा पुढ्यात आणून टाकतो. 2006 साली यावरचं संशोधन प्रसिद्ध झालं, त्यातला मला सगळ्यात आवडणारा भाग पुढचा आहे. पिल्लू केवढं झालंय हे मोठे कशावरून ओळखतात? त्याच्या ओरडण्यावरून. वाढत्या वयाबरोबर पिल्लाचा आवाज बदलतो. संशोधकांनी लहान पिल्लं असलेल्या कळपाला मोठ्या पिल्लांचे आवाज ऐकवले, तर मोठे जास्त जिवंत विंचू आणू लागले. उलट केलं, तर मेलेले.

"तो 'आई' म्हणतो तेव्हा तुम्हाला कितव्या वर्षीचा आवाज ऐकू येतो?"

त्या बराच वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "पाचवीतला. टायफॉईड झाला होता तेव्हाचा." बाबांना तोच प्रश्न विचारला, तर त्यांना आवाज तिशीतल्या, घर चालवणाऱ्या माणसाचा हवा होता. एकाला मेलेला विंचू भरवायचा होता, दुसऱ्याला नांगीवाला अंगावर टाकायचा होता. वीस वर्षांचा, एकदा नापास झालेला, लाजेने मित्रांचे फोन न घेणारा मुलगा कुणालाच ऐकू येत नव्हता.

मग मुलाला बोलावलं आणि इथे माझं चुकलं. आईवडिलांबरोबर जमलं म्हणून उत्साहाने त्यालाही बुलबुल सांगायला गेले. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "मॅडम, मी पिल्लू नाहीये." अगदी बरोबर होतं त्याचं. बुलबुलाच्या पिल्लाला वायडी बसत नाही, शेजारच्या काकू त्याला 'काय रे, सध्या काय करतोस?' विचारत नाहीत. लाज ही आपलीच खास गोष्ट, तिचं उत्तर बाल्कनीत नव्हतं. त्यावर आम्ही वेगळं, पाच-सहा वेळा बसून बोललो. त्यातलं इथे सांगणार नाही. ते त्याचं आहे.

घरात मात्र तीन गोष्टी ठरल्या, त्याच्यासमोर, त्याला विचारून. ताट टेबलावर मिळेल, दाराबाहेर नाही. राहिलेल्या विषयांचा परीक्षा फॉर्म तो स्वतः भरेल. पैसे बाबा देतील, कॉलेजच्या खिडकीपुढे उभं त्याने राहायचं. आणि बाबांनी दारावर थाप मारायची नाही. काही सांगायचं असेल तर जेवताना, तेही एकच वाक्य. बाबांना ही अट सर्वांत जड गेली.

पहिल्या दोन रात्री तो टेबलाशी आलाच नाही. आईंनी मला रात्री साडेदहाला रडत फोन केला; मी त्यांना इतकंच विचारलं, की अन्न टेबलावर आहे ना, तुम्ही जाग्या आहात ना. दोन्ही होतं. अकराला स्वयंपाकघरात डब्याचा आवाज झाला, त्याने बिस्किटं खाल्ली. तिसऱ्या रात्री त्याने आमटी गरम केली आणि पातेलं करपवलं. करपल्याचा वास आल्यावर उठून न जाणं हे आपल्या आयुष्यातलं सगळ्यात अवघड काम होतं, असं आई आजही सांगतात.

फॉर्मची तारीख तो पहिल्यांदा चुकला. विलंब शुल्क भरावं लागलं. बाबांनी ते दिलं, आणि जेवताना एकच वाक्य बोलले, "पावती जपून ठेव." पुढच्या परीक्षेत तीनपैकी दोन विषय सुटले. तिसरा अजून राहिलाय. झोप सुधारली म्हणावी तर रात्री दीडपर्यंत येऊन थांबलीय.

परवा बाबा एकटेच आले होते, सहज म्हणून. फॉरवर्ड पाठवायची सवय काही सुटलेली नाही. नवा व्हिडिओ सिंहावरचा, 'सिंहासारखं जगा' वगैरे. मुलाने या वेळी तो उघडला होता आणि खाली उत्तरही लिहिलं होतं. ते मला दाखवताना बाबा रागावल्यासारखं करत होते, पण चष्मा दोनदा पुसावा लागला.

"बाबा, सिंह दिवसातले वीस वीस तास लोळत पडलेला असतो. आधी चेक करत जा."